तुझी जबान, माझा कागद

रहमतबी, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही आणि तुलाही ते आवडलं नसतं. कुणी तोंडावर स्तुती केली की तू पदर ओठांशी धरून म्हणायचीस, “काम की बात करो. क्या होना? काय पायजे?” तर कामाचंच बोलते. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. नऊ वर्षांपूर्वीचं. ते केव्हाच विझलं असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात मुकुंदवाडीला जाऊन आले आणि कळलं, त्या भांडणातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.

भांडण कशावरून, ते तुला सांगायला नको. शब्द देणं म्हणजे काय, यावरून. आपण दोघी वीस-बावीस वर्षं एकाच कामात. मी जनाना दवाखान्यातली नर्स, तू शहागंजच्या मागच्या गल्लीतली दाई. बायकांना मोकळं करायचं, बाळ पुसून आईजवळ द्यायचं. काम एक, पण ‘हो’ म्हणायची तऱ्हा दोघींची वेगळी.

पहिलं वर्ष तर मी तुझ्या ‘इन्शाअल्ला’ला वैतागले होते. मी म्हणायची, “रहमतबी, उद्या आठला ये.” तू म्हणायचीस, “इन्शाअल्ला.”

“इन्शाअल्ला नको. आठ म्हण.”

“आठ तो तुम बोले ना बाई. मैं ऊपरवाले से पूछ लेती.”

“म्हणजे येणार की नाही?”

“अब कैसा बोलूं? रात में मर गई तो झूटी पडूंगी ना.”

आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला तू पायरीवर बसलेली असायचीस, चपला शेजारी जोडून ठेवलेल्या. मी आठ वाजून दहा मिनिटांनी यायची. हे मी त्या वेळी हसून सोडून दिलं. आमच्या घरी ‘बघू’ म्हणजे नाही. आमचे हे स्टेशनात नोकरीला. त्यांचं ‘बघू’ मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात ओळखलं. कचेरीत ‘दरख्वास्त पेश करो’ म्हणजे पुन्हा कधीतरी या. आणि माझं ‘हो’ म्हणजे, मनापासून हो, पण मध्ये दुसरं काही आलं नाही तर. मला वाटायचं सगळ्या जगाचं असंच असतं. प्रत्येक ‘हो’ला थोडी ढील असतेच, ऐकणारा ती धरूनच ऐकतो. तुझ्या ‘हो’ला ढील नव्हती. म्हणून तर ते तोंडातून निघायला तुला इतका वेळ लागायचा.

सुपारीचंच बघ. सातव्या महिन्यात घरातली म्हातारी दाईच्या हातावर सुपारी ठेवते. दाईनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली की ती त्या घरची झाली. तुमच्यात सतवाशाच्या दिवशी, आमच्यात ओटी भरताना. बाकीच्या दाया एकाच महिन्यात आठ-आठ गाठी मारून फिरायच्या आणि ऐन वेळी जिचं घर मोठं तिच्याकडे पळायच्या. तू तीनच्या वर घेत नव्हतीस. एकदा कुठल्याशा जहागीरदाराची बग्गी तुझ्या गल्लीत येऊन उभी राहिली. मी तुझ्याकडे नाळेचा दोरा उकळायची भांडी परत द्यायला आले होते. गाडीवान म्हणाला, “चलो, बुलाया है.” तू म्हणालीस, “कुंभारीण दोन दिवसांत मोकळी होणार. तिची गाठ हाय माझ्याकडं.”

गाडीवानाला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. “कुम्हारन? अरी, सरकार के घर से बुलावा है!”

“तो सरकार कू बोलो, सातव्या महिन्यात यायचं होतं.”

तो शिव्या देत गेला. घोड्यानं जाता जाता गल्लीत घाण केली, आणि तू मला म्हणालीस, “देखो, घोडा बी रागावला.” मी हसून हसून भिंतीला टेकले होते. कुंभारणीला मुलगी झाली, तीही चार दिवसांनी. मी म्हणाले, “बग्गीतून जाऊन परत येऊन झालं असतं की.” तू म्हणालीस, “हौ. झालं असतं. मेरेकू काय माहीत?”

आता माझ्या कुमुदचं सांगते. कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच समजतं.

आठव्या महिन्यात कुमुद माझ्या पोटात आडवी होती. मी नर्स, मला ते हातानं चाचपून कळत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू, बघू, नाहीतर हैदराबादला न्यावं लागेल. तू आलीस. तीन दिवस दुपारी कोमट तिळाचं तेल घेऊन बसलीस. डोळे मिटून हात फिरवायचीस आणि मध्येच थांबायचीस. मी घाबरून विचारायची, “काय झालं?” तू म्हणायचीस, “चुप. सोच रही है.” जणू पोटातली पोर विचार करून उत्तर देणार आहे. तिसऱ्या दिवशी तिनं उत्तर दिलं. झोपेत माणूस कूस बदलतं तशी आतून वळली. मी रडले. तू हात पुसलेस आणि म्हणालीस, “लडकी है. लडका इतनी जल्दी नई मानता.”

कुमुद आता अकरा वर्षांची आहे. तू गेलीस त्या दिवशी तिनं मला विचारलं, “आई, रहमतबीनं मला खरंच हातानं फिरवलं होतं?” मी म्हणाले, हो. पुढं काही बोलले नाही, कारण तेच हात मी पुढं बांधून टाकले.

दायांचा वर्ग सुरू झाला तो कुमुद दोन वर्षांची असताना. त्या वेळी ते हवंच होतं. कितीतरी बायका बाळंतपणानंतर तापानं जात. नाळ कापायला काय वाटेल ते वापरलं जाई. पायाळू मूल दिसलं की घाबरलेल्या दाया ओढत. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते इथं लिहिणार नाही. डाक्टरीणबाईंनी ठरवलं, दायांना शिकवायचं, सनद द्यायची, आणि सनदेआधी प्रत्येकीकडून इकरारनामा, म्हणजे कबुलीचा कागद, लिहून घ्यायचा. अकरा जणी आल्या. सगळ्यांत आधी तू आलीस, आणि तुला सगळ्यांत कमी शिकायचं होतं.

वर्ग संपला त्या दिवशी व्हरांड्यात मी कागद घेऊन बसले. कागद उर्दूत, कारण सरकारचं सगळं उर्दूतच. बायका रांगेनं येत होत्या, अंगठा लावत होत्या, पुसत होत्या. कुणी विचारलं नाही की काय लिहिलंय. मीही सांगितलं नाही. तू आलीस, समोर बसलीस आणि अंगठा मुठीत धरून ठेवलास.

“पूरा पढो.”

“अगं, रांग आहे मागं.”

“रांग बसती. पढो.”

मी वाचलं. हात साबणानं धुवीन. दोरा उकळून घेईन. आणि शेवटचं कलम: मूल आडवं किंवा पायाळू असल्याचं कळताच हात न लावता दवाखान्यास कळवीन, आणि नर्स किंवा डाक्टर येईपर्यंत थांबेन.

तू अंगठा मुठीतून काढला नाहीस. मागं बायका कुरकुर करायला लागल्या. मग म्हणालीस, “ये तो मेरे हात काट लिए, बाई.”

“कागद आहे, रहमतबी. सगळ्याच लावतात. सनद हातात पडली की झालं.”

“कागद सरकारचा. पर पढ्या कौन?”

“मी.”

“नीचे नाव किसका?”

“साक्षीला माझं.”

“तो मैं सरकार को नई, तुमकू बोलती.” आणि तू अंगठा लावलास. इतका दाबून, की शाई कागदाच्या मागं उमटली. मी पुढच्या बाईला हाक मारली.

मला त्या क्षणी थांबायला हवं होतं. तू मला सांगत होतीस की हा अंगठा बाकीच्या दहांसारखा नाही. मी ऐकलं, आणि ‘दाया अशाच बोलतात’ म्हणून पुढं गेले. मी सही केली तीही तशीच केली. साक्षीदाराची सही म्हणजे काय, तर कोपऱ्यात नाव. आपण कशाची साक्ष देतो आहोत, याचा मी विचार केला नाही.

मग मुकुंदवाडी, शहराबाहेरचं ते गाव.

तिथल्या कौसाबाईची सून सुंदरा, पहिलटकरीण. सुपारी तुझ्याकडे होती. ज्वारी हुरड्याला आलेली, थंडीचे दिवस. सकाळी दहा-साडेदहाला कौसाबाईचा मुलगा सायकल हाणत दवाखान्यात आला. घामानं थबथबलेला. “दाईनं सांगितलंय, पायाळू हाय. नर्सबाईला म्हनावं, लगीच या.”

डाक्टरीणबाई त्या दिवशी लासूर स्टेशनला गेल्या होत्या, संध्याकाळच्या गाडीनं येणार होत्या. म्हणजे मीच. मी विचारलं, “दाई कोण?”

“रहमतबी.”

“मग ठीक आहे. तू हो पुढं, मी येते.”

‘मग ठीक आहे.’ हे माझे शब्द. मला खरंच तसं वाटलं. रहमतबी आहे म्हणजे ती थोडीच वाट बघत बसणार, तिचे हात चालू झाले असतील. कागदाचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, कागद काय, वेळ आल्यावर कोण पाळतो? म्हणून मी वॉर्डातली फेरी पुरी केली. एका बाळाची नाळ पडली होती, ती जागा साफ केली. आयानं चहा आणला, तो बसून प्याले. गरम होता, म्हणून हळू प्याले. मग टांगा मागवला. निरोप आल्यावर लगेच निघाले असते तर तासाभरात पोचले असते. मी जवळजवळ दोन तास लावले.

ते घर, ती आतली खोली मला आजही दिसते. तू सुंदराच्या उशाशी बसली होतीस. एका हातानं तिचा खांदा धरलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि धुऊन इतका वेळ झालेला की सुकून पांढरे पडलेले. चुलीवर दोरा उकळत होता. सगळं तयार होतं. मूल अर्धं बाहेर येऊन अडलं होतं आणि निळं पडलं होतं. मी जे करायचं ते केलं. सुंदरा वाचली. मूल नाही वाचलं. मुलगा होता.

कौसाबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं फक्त तुझ्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं, आणि हात धुवायला बाहेर गेले.

परतताना टांग्यात आपण भांडलो. म्हणजे मी भांडले.

“हात का नाही लावलास?”

“तुमकू बोली थी ना, नई लगाती.”

“अगं, पण तुला येत होतं!”

“आता था.”

“मग?”

“जिसकू आता नई, उसकी जबान कोन लेता, बाई? ज्याला येतं, त्यालाच म्हनायचं ना, नको करू.”

मी म्हणाले, कागद कागदाच्या जागी असतो. माणूस मरत असताना कागद बघत बसतात का? तू टांग्याच्या मागं सुटणाऱ्या रस्त्याकडे बघत होतीस. तिकडंच बघत म्हणालीस, “कागद नई देखी मैं. तुम्हारी राह देखी. उसमें लिख्या था ना, नर्स आयेगी. नीचे तुम्हारी सही थी.”

मी म्हणाले, “दवाखान्यात गर्दी होती.”

तू म्हणालीस, “हौ. रहेंगी.”

हे आपलं भांडण. मी ते इथं संपलं असं धरलं. दवाखान्याच्या रजिस्टरात मी लिहिलं: ‘दाईने वेळेवर कळवले. मूल मृत.’ दाईनं वेळेवर कळवलं, यात खोटं काही नव्हतं. नर्स केव्हा निघाली, याचा रकानाच रजिस्टरात नाही. डाक्टरीणबाईंनी वाचलं, सही केली. कुणी मला काही विचारलं नाही. तुलाही नाही.

मग मुकुंदवाडीच्या सुपाऱ्या बंद झाल्या. त्या गावातून वर्षाला पाच-सहा तरी यायच्या, एकदम एकही नाही. मला वाटलं, खेड्यातले लोक. एक मूल गेलं की दाईच्या हाताचं यश गेलं म्हणतात. शेजारच्या चिकलठाण्याकडूनही कमी झाल्या. तू तक्रार केली नाहीस. तू शहरातल्या गल्ल्यांमध्ये काम करत राहिलीस. सोपी बाळंतपणं. अवघड वाटलं की लगेच माझ्याकडे निरोप, आणि दोन्ही हात मांडीवर. मी मात्र त्या दिवसापासून निरोप आला की धावतच निघाले. एवढं मला श्रेय दे. चहाला हात लावला नाही. नऊ वर्षांत तुझा एकही निरोप मी पाच मिनिटांवर थांबवला नाही. तू मला कधी विचारलं नाहीस की ही घाई आता कुठून आली.

एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ‘रहमतबी, मी तुला त्या शब्दातून सोडते. मदत दूर असेल तिथं हात लाव.’ इतकंच. ते वाक्य माझ्या तोंडात कितीदा तरी येऊन गेलं. का नाही बोलले? दोन कारणं. एक बरं आहे, ते आधी सांगते: नियम बरोबर होता. तुझ्यासाठी मोडला असता तर बाकीच्या दहा जणींनी मोडला असता, आणि त्यांचे हात तुझे नव्हते. दुसरं कारण खरं आहे. तुला सोडवायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की त्या दिवशी तू शब्द पाळलास आणि मी नाही. नियमाच्या आड उभं राहणं सोपं होतं. मी तिथं नऊ वर्षं उभी राहिले.

गेल्या महिन्यात तुला ताप आला. मी येऊन बघून जात होते. दुपारची वेळ होती, तुझी सून पाणी आणायला गेली होती. तू माझा हात धरलास, तो तुझा कोरडा, तापलेला हात, आणि म्हणालीस, “बाई, कहा-सुना माफ करना.”

मला माहीत आहे त्याला काय उत्तर द्यायचं असतं. तुमच्या घरांत मी ते शंभरदा ऐकलं आहे. म्हणायचं असतं, ‘माफ केलं, तूही मला कर.’ दोन वाक्यं. मी म्हणाले, “गप्प पड. ताप आहे, उतरेल. पेज पी.”

तू हसलीस आणि हात सोडलास. पेज पिऊन टाकलीस, माझं मन राखायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा नातू निरोप घेऊन आला. मी पाच मिनिटांत निघाले, आणि या वेळी पाच मिनिटांचा काही उपयोग नव्हता.

तुला न्यायच्या वेळी मी दारात उभी होते. तुझ्या गल्लीतल्या बायका सांगत होत्या, आम्ही हिच्या हातावर जन्मलो, आमची मुलं हिच्या हातावर जन्मली. शहरभर सांगत होत्या. मुकुंदवाडीहून कुणी आलेलं नव्हतं. मला ते टोचलं. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, आठवडा झाला, टोचणी गेली नाही. मग मी एक रजा टाकली आणि मुकुंदवाडीला गेले. काय बोलायचं ते टांग्यात पाठ केलं होतं.

कौसाबाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. म्हातारी झाली आहे, पण सुपाचा हात तसाच आहे. सुंदरा घरात होती. तिला त्यानंतर तीन मुलं झाली, तिन्ही दवाखान्यात, तिन्ही माझ्या हातावर. तिच्यामागून गावातल्या कितीतरी सुना आल्या. मला ओळखून कौसाबाई म्हणाली, “या नर्सबाई. आज इकडं कशा? कुनी अडलंय व्हय?”

“रहमतबी गेली.”

सूप थांबलं. “आसं व्हय,” ती म्हणाली. मग पुन्हा पाखडायला लागली. “वाईट झालं. पन खरं सांगू का, तिच्या हातानं माझा नातू गेला. ते मी इसरनार नाय.”

“तिच्या हातानं नाही गेला. ते सांगायलाच आलेय.”

मी पाठ केलेलं सगळं बाजूला पडलं. मी सरळ सांगितलं. पायाळू मुलाला हात लावायचा नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिला ते काम येत होतं, माझ्या मुलीला तिनंच फिरवलं होतं. ती तुमच्या घरात हात धुऊन माझी वाट बघत होती. मी लगेच यायला हवं होतं. मी आले नाही. मी दवाखान्यात बसून चहा प्याले.

चहाचं सांगितलं तेव्हा सुंदरा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं. ती आत निघून गेली.

कौसाबाईनं सूप खाली ठेवलं. “म्हंजी तिचे हात थरथरत नव्हते?”

“नाही. कोण म्हणालं?”

“ती म्हनली.”

“कोण?”

“रहमतबी. दुसऱ्या दिशी आली ना इथं. यकटी, चालत. त्या उंबऱ्यावर बसली. मी तर तिला दारात घेनार नव्हते. म्हनली, कौसाबाई, चूक माझी हाय. माझे हात आता थरथरतात, म्हनून मी हात लावला नाय. नर्सबाईला बोल लावू नका. दवाखान्याला बोल लावू नका. पुढल्या बारीला सुनंला तिकडंच न्या. तिकडं नाय गेल्या तर तुमच्या पोरी दुसऱ्या दायांच्या हाती मरतील.”

कौसाबाई बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

“मी लई बोलले तिला. नाय नाय ते बोलले. गावभर सांगितलं, तिला सुपारी देऊ नका, हात गेलेत तिचे. नऊ वरसं. बाजारात दिसली तर मी तोंड फिरवायचे, आन् ती सलाम करायची.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “आन् तुमी आज सांगता? ती गेल्यावर?”

“ती इथं येऊन असं बोलली, हे मला माहीत नव्हतं, कौसाबाई.”

“तिचं नसंल ठावं. तुमचं तुमाला तर ठावं व्हतं ना?”

“होतं,” मी म्हणाले.

म्हणून चिडले आहे, रहमतबी. तू मला जबान दिली होतीस हात न लावायची. ती पाळलीस, तिथवर मला समजतं. पण माझं नाव राखायची जबान तुझ्याकडं कुणी मागितली होती? कुठल्या कागदात होती? मी ती मागितली असती तर तू ‘इन्शाअल्ला’ म्हणाली असतीस आणि मी हसले असते. न मागता दिलीस, आणि न सांगता नऊ वर्षं पाळलीस. त्या गावच्या सुना माझ्याकडे येत राहिल्या, सुखरूप घरी जात राहिल्या, आणि मी समजत राहिले की हे आमच्या वर्गाचं, साबणाचं, माझ्या कामाचं यश आहे. मला एवढं मोठं काही देताना निदान विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं. कदाचित म्हटलं असतं.

मी उठले, तर कौसाबाई म्हणाली, “कुठं निघाल्या?”

“घरी.”

“आसं कसं? मी गावभर बोललेय. ते आता कोन निस्तरनार? मी म्हातारी सांगंल तर म्हनतील, हिला भ्रम झालाय. ज्याचं त्यानं सांगावं. चला.”

तिनं पदर खोचला आणि मला पुढं घातलं. दारोदार. प्रत्येक दारात कौसाबाई म्हणायची, “ह्या नर्सबाई हायेत, वळखलं ना? त्यांला काय सांगायचंय ते ऐका.” आणि बाजूला व्हायची. पहिल्या घरातली बाई माझ्या हातावर बाळंत झालेली. ती घाईघाईनं बसायला घोंगडं टाकत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं घोंगड्याचं टोक हातात तसंच धरून ऐकलं. दुसऱ्या घरी एकीनं डोळ्याला पदर लावला. तिसऱ्या घरी एक म्हातारी मला म्हणाली, “चहा पीत व्हत्या? आमचं लेकरू मरताना?” ते तिचं लेकरू नव्हतं, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हणाले, हो. चौथ्या घरी ऐकून दार लावून घेतलं. पुढच्या घरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तुझ्या नावापासून.

ऊन उतरेपर्यंत खालच्या आळीतली सगळी घरं झाली. माझा घसा बसला. वरची आळी राहिली. मी कौसाबाईला म्हणाले, “शुक्रवारी येते. शब्द देते.”

कौसाबाई मला वेशीपर्यंत सोडायला आली होती. ती थांबली आणि म्हणाली, “या. पन शुक्रवारी दुपारपस्तोर नाय आल्या, तर मीच येते दवाखान्यात तुमाला न्यायला.”

तुझ्या शब्दाला असं कधी कुणी म्हटलं नसतं, रहमतबी.